मुळाशी ओल, तरी पानं करपलेली : विसरण, परासरण आणि आपला खान्देश

गिरणाकाठ

केळीची लागण होऊन महिना-दीड महिना झाला की एक तक्रार आपल्याकडे हमखास ऐकू येते. रोप जोमात होतं, खताचा डोस दिला, पाणी सोडलं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या. मुळाशी बोट घालून पाहावं तर माती ओली. मग बांधावर निदान ठरतं, "खत गरम पडलं."

खत गरम नसतं. पोटॅश किंवा युरिया बादलीत विरघळवताना बादलीला बाहेरून हात लावून बघा, पाणी उलट गार पडतं. ते रोप ओल्या मातीत उभं राहून तहानेने मरत असतं. हे कसं होतं ते नीट समजलं तर खत कुठे टाकायचं, किती पाण्यात द्यायचं, लोणच्याला पाणी का सुटतं, जुलाबात ओआरएस का द्यायचं, ही सगळी उत्तरं एकाच धाग्याला लागतात. म्हणून हा धागा. शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरची थोडी शेती आहे, त्यामुळे दोन्हीकडची उदाहरणं येतील.

आधी विसरण. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाचा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचा, एक खडा काचेच्या ग्लासात अलगद सोडा आणि ग्लास हलवू नका. खड्याभोवती तळाशी गडद जांभळा थर जमतो. त्याची वरची कड आधी रेघेसारखी स्पष्ट असते, मग पुसट होत जाते, आणि ग्लासातलं पाणी वरपर्यंत एकसारखं रंगायला कितीतरी दिवस लागतात. बघणाऱ्याला वाटतं, रंगाला वर जायचं आहे. तसं काही नसतं. पाण्याचे रेणू सतत धडका देत असतात आणि त्या धडकांनी रंगाचा कण कुठेही ढकलला जातो, वर, खाली, आडवा. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात असे थरथरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९०५ मध्ये आइनस्टाइनने त्याचं गणित मांडलं आणि पुढे झाँ पेरँ यांनी प्रयोगांनी ते पक्कं केलं.

मग दिशा येते कुठून? हिशोबातून. समजा, मधल्या रेषेच्या डावीकडे १००० कण आहेत आणि उजवीकडे १००. दोन्हीकडच्या कणांना सारखंच स्वातंत्र्य आहे आणि ठरावीक वेळात दहातला एक रेषा ओलांडतो. डावीकडून १०० निघाले, उजवीकडून १० आले. निव्वळ ९० कण उजवीकडे गेले. एकाही कणाला पलीकडे काय आहे हे ठाऊक नव्हतं, तरी दाटीकडून विरळाकडे प्रवाह दिसला. दोन्हीकडे ५५०-५५० झाले की जाणारे ५५ आणि येणारेही ५५. ये-जा चालूच राहते, फरक मात्र उरत नाही. उतार जितका तीव्र तितका प्रवाह जोरात, हा नियम अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये सांगितला.

आता मध्ये असा पडदा घाला की ज्यातून पाणी जातं, पण त्यात विरघळलेलं मीठ-साखर सहसा जात नाही. पेशीचं पटल असंच असतं. इथे मिठाला वाट नाही, म्हणून पाणीच सरकतं, पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे. हेच परासरण. १७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले यांनी मद्यार्क भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराचं मूत्राशय बांधून ते पाण्यात बुडवलं. पाणी आत शिरत गेलं आणि पडदा तट्ट फुगला. हे पाणी आत येऊ द्यायचं नसेल तर किती दाब द्यावा लागेल, तो परासरण दाब. १८७७ मध्ये फेफर यांनी तो मोजला आणि व्हांट हॉफ यांनी त्याचं सूत्र बसवलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, व्हांट हॉफ यांचंच. सूत्रातली मोलाची गोष्ट अशी की कण कसला आहे याला महत्त्व नाही, कण किती आहेत याला आहे.

आता बागेत या. पोटॅश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड. विरघळलं की एकाचे दोन कण होतात. मूठभर, समजा ३७ ग्रॅम पोटॅश खोडाजवळ पडलं आणि तिथल्या मातीत लिटरभरच पाणी आहे. त्या द्रावणाचा परासरण दाब २२ ते २४ बार भरतो. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. माती पाणी १५ बारच्या वर धरून बसली की बहुतेक पिकांना ते घेता येत नाही, ती कायमच्या मरगळीची पातळी मानतात. म्हणजे पाणी तिथे आहे, हाताला ओलही लागते आहे, पण मुळासाठी ते नसल्यातच जमा. फार झालं तर मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. आणि कडाच आधी का करपतात? पानातल्या पाण्याचा शेवटचा थांबा तिथे असतो. पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठतात.

तेच ३७ ग्रॅम दहा लिटर पाण्यात पसरलं तर दाब सव्वादोन-अडीच बारवर येतो. खत तेवढंच, रोपही तेच.

---

केळीबाग_रावेर

सर, "खत गरम पडलं" हे आमच्या घरी तीन पिढ्या चालू आहे, आज पहिल्यांदा कुणी आकड्यात सांगितलं. एक विचारतो. माझं सगळं ठिबकवर आहे, विद्राव्य खतं व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून मिसळणाऱ्या नळीतून) देतो, डोस अगदी थोडा थोडा. तरी उन्हाळ्यात ड्रिपरच्या ओल्या गोलाच्या कडेला पांढरी पापडी धरते. आणि मागच्या वर्षी वळवाचा हलका पाऊस झाला, आम्ही खुश होऊन ठिबक बंद केलं, तर दोन दिवसांत झाडं मलूल. पावसाने झाडं मलूल व्हावीत हे काही कळलं नाही.

---

गिरणाकाठ

दादा, पापडीत आणि मलूल होण्यात नातं आहे. ड्रिपरखालून पाणी बाहेरच्या बाजूला सरकतं आणि सोबत क्षार नेतं. ओल्या गोलाच्या कडेला पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. विहिरीचं पाणी मुळातच जड असेल तर थर लवकर चढतो. ठिबक रोज चालू असतं तोवर मुळं मधल्या गोड्या भागात सुखात असतात.

हलका पाऊस ती पापडी विरघळवतो, पण तिला मुळांच्या खाली धुऊन नेण्याइतकं पाणी त्यात नसतं. विरघळलेले क्षार मुळांच्या भागात उतरतात आणि नेमकं तेव्हाच आपण ठिबक बंद केलेलं असतं. म्हणून हलका पाऊस चालू असताना ठिबक सुरू ठेवायचं, म्हणजे मधून बाहेर ढकलणारं पाणी चालू राहतं. दमदार पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की मग बंद करा. क्षार न सोसणाऱ्या पिकांत केळीचा नंबर वरचा आहे. कापूस त्या मानाने कणखर, मातीच्या अर्काचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) ७.७ पर्यंत गेला तरी त्याचं उत्पन्न सहसा घटत नाही.

---

सुगरण_चोपडा

भाऊ, शेतीतलं मला फार कळत नाही, पण लोणच्याचं कळतं. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून रात्रभर झाकून ठेवते. सकाळी फोडी बुडतील एवढं पाणी सुटलेलं असतं आणि फोडी जरा आक्रसलेल्या. ते पाणी फोडींतून मिठाकडे गेलं, बरोबर? पण मग आठ-पंधरा दिवसांनी फोड आतून खारट लागते ती कशी? तुम्ही म्हणता मिठाला पडद्यातून वाट नसते. आणि सासूबाई अख्ख्या लिंबांचं खारवलेलं लोणचं घालायच्या, ते मुरायला महिने लागायचे. फोडींचं का लवकर मुरतं?

---

गिरणाकाठ

ताई, हा प्रश्न फार नेमका आहे.

पहिल्या रात्री फोडीतल्या पेशी जिवंत असतात, पटलं शाबूत असतात. बाहेर फोडीवर जमलेलं मिठाचं पाणी अतिशय दाट असतं, म्हणून आतलं पाणी भराभर बाहेर येतं. पेशीचा रस आटतो आणि पटल भिंतीपासून सुटतं. याला रससंकोच म्हणतात. एवढा मार बसल्यावर पेशी मरतात आणि मेलेल्या पेशीचं पटल निवड करत नाही. त्यापुढे परासरणाचं काम जवळजवळ संपतं आणि साधं विसरण सुरू होतं. मीठ आत, कैरीचा आंबटपणा बाहेर, दोन्हीकडचा खारटपणा सारखा होईपर्यंत. आपण म्हणतो "लोणचं मुरलं". लोणचं टिकतं तेही यामुळेच. खारात पडलेल्या जंतूंची गत त्या केळीच्या रोपासारखी होते.

आता वेळेचं. विसरणात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, दसपट झालं की शंभरपट. कण सरळ चालत नाही, मागे-पुढे भटकत जातो, म्हणून. मिठासारखे छोटे कण साध्या पाण्यात किती वेळ घेतात याचा ढोबळ हिशोब देतो. पेशीच्या आकाराचं अंतर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात. एक मिलिमीटर, आठ-नऊ मिनिटं. एक सेंटीमीटर, चौदा तास. दहा सेंटीमीटर, जवळपास दोन महिने. एक मीटर, पंधरा-सोळा वर्षं. फळाच्या गरात वाट वाकडी असते, म्हणून याहून जास्त. अख्ख्या लिंबाची तर सालही आडवी येते. सुरीने फोड निम्म्याने बारीक केली की मुरण्याचा वेळ चौथाईवर येतो.

या आकड्यांवर मी वर्गात बराच वेळ थांबतो. पेशी एवढ्या लहान का असतात, आपल्याला हृदय आणि रक्तवाहिन्या का लागतात, झाडाला जलवाहिन्या का लागतात, सगळं त्यात आहे. पायाच्या अंगठ्यापर्यंत प्राणवायू नुसत्या विसरणाने पोचवायचा म्हटला तर वर्षानुवर्षं लागतील.

---

कोरडवाहू_शिंदखेडा

बठ्ठं समजनं भाऊ. आता मराठीत विचारतो, म्हणजे सगळ्यांना कळेल. आम्ही बाजरी-कापूसवाले. सुपर फॉस्फेट वरून फेकलं तर पीक काही दाखवत नाही, युरिया फेकला तर पाऊस पडल्यावर चार दिवसांत पीक हिरवंगार. माती तीच. सुपरमध्ये दम नाही का?

---

गिरणाकाठ

दम आहे, पाय नाहीत.

युरियाचं मातीत शेवटी नायट्रेट होतं. ते मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर वाहतं. झाड पाणी ओढतं त्या ओघातच नायट्रेट मुळापाशी येऊन पडतं. सुपरमधल्या स्फुरदाचं (फॉस्फरसचं) उलट आहे. ते मातीच्या कणांना धरून बसतं, आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत चुन्याशीही बांधलं जातं. मातीच्या पाण्यात ते इतकं थोडं असतं की ओघातून झाडाची गरज भागत नाही. मुळाने जवळचं स्फुरद शोषलं की तिथे विरळ होतं आणि शेजारचं विसरणाने हळूहळू सरकतं. हा वेग साध्या पाण्यातल्या वेगाच्या हजारपट, काही मातीत लाखपट कमी. अख्ख्या हंगामात काही मिलिमीटर. वरच्या दोन बोटांत पडलेलं सुपर खाली मुळाशी पोचणारच नाही.

म्हणून स्फुरद पेरणीच्या वेळी, मुळं जातील तिथे, पाभरीने पेरून द्यायचं. मुळांवरचे केस आणि मुळांशी राहणारी मायकोरायझा बुरशी हीच कामगिरी करतात, स्फुरदापर्यंतचं अंतर कमी करतात.

इथे एक पेच आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. स्फुरद मुळाजवळ हवं आणि पोटॅश-युरिया मुळाला खेटून नको. खतांच्या क्षारतेचा एक जुना प्रचलित तक्ता आहे, त्यात सोडियम नायट्रेटला १०० धरतात. त्यावर म्युरेट ऑफ पोटॅश ११६, युरिया ७५, सल्फेट ऑफ पोटॅश ४६ आणि सिंगल सुपर फॉस्फेट जेमतेम ८. सुपर बियाण्याजवळ चालतं ते त्यामुळे. सगळी खतं एका पाटीत कालवून एकाच ओळीत सोडायची आपली सवय आहे, ती दोन्हीकडून नुकसानीची आहे.

---

मातीपरीक्षण_पाचोरा

लेख आवडला, पण युरियाच्या बाबतीत एक भर घालतो. युरियाचा रेणू अख्खाच विरघळतो, त्याचे दोन तुकडे होत नाहीत, आणि तो पटलातून थोडाफार आतही जातो. त्यामुळे युरियाने रोप करपतं त्यात सगळा दोष परासरणाला देता येणार नाही. मातीतल्या युरिएज या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याचा अमोनिया होतो, आपल्या विम्लधर्मी जमिनीत तर जास्तच, आणि तो कोवळ्या मुळांना थेट मारतो. डीएपी खत बियाण्याला खेटून पडलं तर उगवण कमी होते, त्यामागेही अमोनिया असतो.

---

गिरणाकाठ

अगदी योग्य. म्हणूनच वर हिशोबाला मुद्दाम पोटॅश घेतलं. शेतात दोन्ही कारणं हातात हात घालून येतात. पोटॅशच्या मुठीत परासरणाचं जास्त, युरियाच्या ढिगात अमोनियाचंही तेवढंच.

---

नववी_अ

सर मी नववीत आहे. आमच्या पुस्तकात लिहिलंय की विसरण जास्त संहतीकडून (दाटीकडून) कमी संहतीकडे होतं. आणि परासरणात पाणी कमी संहतीकडून जास्त संहतीकडे जातं. मग पाणी नियम मोडतं का?

---

गिरणाकाठ

नाही बेटा. आधी विचार, कोणाची संहती? परासरणाच्या वाक्यात ती मिठाची आहे. जिथे मीठ जास्त तिथे पाण्याची निसटून जाण्याची ओढ कमी झालेली असते. शुद्ध पाण्याकडून पटलातून जितके पाण्याचे रेणू पलीकडे जातात, त्याहून कमी खारट बाजूकडून परत येतात. १०० गेले, १० आले, तोच हिशोब, फक्त मोजायचे पाण्याचे रेणू.

मोठ्या वर्गात गेलास की शिकशील, "मिठाने जागा अडवली म्हणून पाणी कमी झालं" एवढ्यावर हे भागत नाही. तिथे पाण्याची ऊर्जा मोजतात, तिला जलविभव म्हणतात. आणखी एक. बऱ्याच पेशींच्या पटलात खास पाण्यासाठी प्रथिनांच्या नळ्या असतात, अॅक्वापोरिन. त्या शोधल्याबद्दल पीटर आग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या नळीतून पाण्याचे रेणू एका रांगेत जातात. प्रश्न विचारत राहा.

---

परिचारिका_धुळे

उन्हाळा आला की आमच्याकडे जुलाब-उलटीची लहान मुलं वाढतात, म्हणून लिहिते. या धाग्यावर हे यायलाच हवं.

सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. हा आकडा रक्ताशी जुळवलेला आहे. नुसतं शुद्ध पाणी शिरेत गेलं तर तांबड्या पेशींत पाणी शिरून त्या फुटतात, फार खारट गेलं तर त्या आक्रसतात.

ओआरएसचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यासाठी असतं. त्यात मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. आया काय करतात, बाळ एवढं पाणी पिणार नाही म्हणून अख्खं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवतात. "औषध जोरदार झालं" असं वाटतं. पण ते रक्तापेक्षा कितीतरी दाट होतं आणि आतड्यात पाणी शोषलं जाण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. जुलाब वाढतात, रक्तातलं मीठही वाढू शकतं, आणि ते बाळाच्या जिवावर बेतू शकतं. कृपा करून पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम करा, चमच्या-चमच्याने पाजा, २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. डबाबंद गोड ज्यूस आणि कोल्ड्रिंकही याच कारणाने नको.

---

गिरणाकाठ

ताई, मनापासून आभार. ही प्रतिक्रिया सगळ्यांनी घरच्या गटांत पाठवावी.

त्यामागचं कारण जोडतो. आतड्याच्या अस्तरातली एक प्रथिन-वाट ग्लुकोज आणि सोडियमला जोडीनेच आत घेते. हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं. ती जोडी आत गेली की मागोमाग पाणी परासरणाने जातं. म्हणजे पाणी पाजण्यासाठी आधी मीठ-साखर आत न्यायची. पटकीतही (कॉलऱ्यातही) ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आजच्या ओआरएसची दाटी लिटरला २४५ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांच्या संख्येचं माप), रक्ताची २८५ ते २९५. मुद्दाम थोडी खाली ठेवली आहे, म्हणजे पाण्याचा उतार शरीराकडेच राहतो.

---

पीकवखार_सावदा

आमचा धंदा केळी पिकवण्याचा, त्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. चेंबरमध्ये १६ ते १८ डिग्रीला फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडतो, नियमाप्रमाणे १०० पीपीएमच्या आत. अनुभव असा की क्रेट भिंतीला खेटून, एकमेकांना चिकटवून लावले तर मधली केळी हिरवी राहते आणि कडेची पिवळी. पंखा आणि फटी ठेवल्या की सगळा माल एकसारखा रंगतो. वायू तर आपोआप पसरतो म्हणतात, मग पंखा का लागतो?

दुसरं. पिकता पिकता साल पातळ होते आणि गर रसरशीत. घड तोडल्यावर पाणी देणारं झाडच नाही, मग गराला पाणी येतं कुठून?

---

गिरणाकाठ

दादा, दुसरा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण आपल्या जिल्ह्याची केळी हे परासरणाचं जगातलं सुंदर उदाहरण आहे. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, पण हे त्या मानांकनात लिहिलेलं नसतं.

हिरव्या केळीच्या गरात २० ते २५ टक्के स्टार्च असतो. स्टार्चच्या एका रेणूत ग्लुकोजचे हजारो रेणू साखळीत बांधलेले, आणि तोही दाण्यांच्या रूपात, न विरघळलेला. वर म्हटलं तसं, परासरणात कण किती हे महत्त्वाचं. म्हणून एवढं वजन असूनही स्टार्च पाणी ओढत नाही. इथिलीन लागलं की विकरं कामाला लागतात, साखळ्या तुटतात, आणि स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येऊन त्याच्या जागी वीसेक टक्के साखर होते. पदार्थ जवळपास तेवढाच, विरघळलेले कण मात्र अचानक प्रचंड वाढले. सालीत एवढी साखर होत नाही. मग पाणी सालीतून गराकडे जातं. गराचं वजन वाढतं, सालीचं घटतं. सालीचं पाणी बाहेर हवेतही उडत असतं, म्हणजे ती दोन्हीकडून देत असते. साल सहज सुटू लागते त्याला हेही एक कारण आहे, पेशींना जोडणारं पेक्टिन सैल होणं हे दुसरं. झाड साठवण स्टार्चमध्ये का करतं, साखरेत का नाही, याचंही उत्तर इथेच मिळतं. तेवढी साखर हिरव्या गरात आधीच विरघळलेली असती तर पाणी ओढून ओढून पेशी फाटल्या असत्या.

पहिल्या प्रश्नाचं. वायूत विसरण पाण्याच्या सुमारे दहा हजारपट वेगाने होतं. पण अंतराच्या वर्गाचा नियम तिथेही सुटत नाही. सालीवरच्या रंध्रांतून आत शिरायला विसरण पुरतं, अंतर मिलिमीटरांचं आहे. पण चेंबर मीटरांत मोजायचा, आणि खच्चून भरलेल्या क्रेटांमधून वाट वेडीवाकडी. लांबचं अंतर पंख्याने तोडायचं, शेवटचे दोन मिलिमीटर विसरणाने. शरीरातही तसंच, लांबवर रक्त नेतं, शेवटी पेशीत विसरण. पिकणारी केळी कर्बवायू सोडते आणि तो साठला की पिकणं मंदावतं, म्हणून मधून मधून चेंबर उघडून हवा बदलायची. ते तुम्ही करतच असाल.

---

पपई_शहादा

कच्च्या पपईची टुटीफ्रुटी करून विकते. तुकडे एकदम दाट पाकात टाकले तर सुरकुतून चामट होतात. पातळ पाकातून रोज थोडा दाट करत नेलं तर टपोरे राहतात. आता कळलं असं वाटतंय, पण तुम्हीच सांगा.

---

सुगरण_चोपडा

मी सांगून बघते. दाट पाकात पाणी बाहेर लवकर जातं, साखर आत हळू येते, म्हणून तुकडा मधल्या मधे बसतो. चूक असेल तर भाऊ सांगतील.

---

गिरणाकाठ

बरोब्बर ताई. त्यात एवढंच घालतो की साखरेचा रेणू मोठा, पाण्यात त्याचं विसरण मिठाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने. म्हणून पाकाला मिठापेक्षा धीर जास्त लागतो. तुकडे आधी उकळत्या पाण्यातून काढले की पटलं मोडतात आणि साखरेला वाट होते.

---

केळीबाग_रावेर

सर, गावात आरओचं पाणी मिळतं. त्या यंत्राच्या मागच्या नळीतून निघणारं पाणी आमच्याकडे परसातल्या वांग्यांना घालतात. भरिताची वांगी आहेत. चालतं का?

---

गिरणाकाठ

आरओ म्हणजे परासरण उलटं फिरवणं. खारट बाजूला परासरण दाबापेक्षा जास्त दाब दिला की पाणी उलट, गोड्या बाजूला जातं. समुद्राच्या पाण्यासाठी सुमारे २७ बारच्या वर दाब लागतो. आपल्या हजार टीडीएसच्या, म्हणजे लिटरला ग्रॅमभर क्षारांच्या, विहिरीला एका बारच्या आत-बाहेर, म्हणून छोटा पंप पुरतो. हे काम करणारं पटल लोएब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्नियात १९६० च्या सुमारास घडवलं.

मागच्या नळीतून सगळे क्षार दाट होऊन निघतात. कधीमधी घातलं तर लगेच काही होत नाही, पण तेच तेच रोज एका वाफ्यात गेलं तर तुमच्या ठिबकच्या पापडीची गोष्ट परसात घडेल. भांडी, ओटा, मोरी धुवायला वापरा.

---

नवापूर_शाळा

आश्रमशाळेत शिकवते. प्रयोगशाळा नाही म्हटलं तरी चालेल. मुलांच्या हातून होईल असं काही सांगाल का? ते अंड्याचं आणि मनुकांचं पुस्तकात आहेच.

---

गिरणाकाठ

बाई, बटाटा घ्या. किराणा दुकानातला, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा मिळवा. बटाट्याच्या सारख्या लांबी-जाडीच्या पट्ट्या कापा, सालीशिवाय. एकेका ग्लासात पाच-सहा पट्ट्या एकत्र तोला म्हणजे काट्याची चूक कमी जाणवेल. एका ग्लासात साधं पाणी, बाकीच्यांत लिटरला ५, १०, २० आणि ४० ग्रॅमच्या हिशोबाने मीठ. दोन-तीन तासांनी पुन्हा वजन.

साध्या पाण्यातल्या पट्ट्या वजनाने वाढतील आणि वाकवल्या तर कडकन मोडतील. ४० ग्रॅमवाल्या हलक्या होतील आणि बोटाभोवती गुंडाळता येतील. आता वजनातला फरक उभ्या अक्षावर आणि मिठाचं प्रमाण आडव्या अक्षावर मांडून मुलांना रेघ काढू द्या. जिथे ती शून्याला छेदते तिथे बाहेरच्या द्रावणाची दाटी बटाट्याच्या रसाइतकी आहे. बहुधा लिटरला ८ ते १० ग्रॅम मिठाच्या आसपास येईल. नवीन-जुन्या बटाट्यात फरक पडतो, जुन्यात साखर जास्त झालेली असते. तोही दोन गट करून मुलांनाच शोधू द्या.

वजन करण्याआधी पट्ट्या कोरड्या सुती फडक्याने टिपा आणि प्रत्येक ग्लासातल्या सारख्याच टिपा. वर चिकटलेलं पाणी मोजलं गेलं तर रेघ वाकडी येते आणि मुलं हिरमुसतात.